उन्हाच्या नावावर

समाजाच्या मंगल कार्यालयात शिबिर.
नवरीच्या खोलीत माझं मशीन,
दाराला पडदा नाही म्हणून आडवी बांधलेली चादर,
भडक लाल, मोरांची,
बहुतेक रांगेतल्याच कुणीतरी विणलेली.

फॉर्मवर प्रश्न : छातीत दुखतं का?
नाही, म्हणतात. गॅस होतो.
पित्त आहे जुनं. सोडा प्यायला की उतरतं.
डाव्या खांद्याचं म्हणाल तर ते मागाचं दुखणं,
तीस वर्षं एकाच अंगानं वाकलो.
इथं प्रत्येक दुखण्याला
घरातल्या पोरासारखं एक लाडाचं नाव आहे.

नरसम्मा गड्डम, वय अंदाजे बावन्न,
बोटांना विडीच्या पानांचा वास.
छातीवर तळवा ठेवून म्हणते, गुंडे नोप्पी.
लातूरहून आलेले नवे डॉक्टर विचारतात,
कोण गुंडे?
बाया हसतात, नरसम्माही हसते,
कागदावरची रेघ त्या हसण्यानं थरथरते.
सर, मी सांगते, तेलुगूत काळजाला गुंडे म्हणतात.
हसणं थांबल्यावर पुन्हा काढला.
रेघ तशीच.

सहा वाट्या, सहा गोल वळ.
पुसा, जेल लावा, श्वास सोडा, हलू नका.
दुपारपर्यंत चौऱ्याऐंशी.
मोजायचं ठरवलं नव्हतं मी,
पण डॉक्टर ज्या कागदाचा कोपरा दुमडतात
तो वेगळा ठेवायचं काम माझं,
आणि दुमडलेल्यांचा गठ्ठा
एका बाजूनं फुगून
टेबलावर नीट बसेना.
त्यात मल्लेशमचा जावईही आहे,
एकोणचाळीस वर्षांचा,
बाहेर रिक्षा चालूच ठेवून आला होता.

ओट्यावर अंबादास येमूल आणि इरण्णा,
एकाच शेडमधले, एकाच पाळीचे.
आहे का रे एखादी?
जिभेखालची?
हां.
इरण्णा कनवटीची डबी काढतो.
डबी तीच, चुन्याची. घासून घेतलेली.

फॉर्मच्या मागे : घरात कुणाला हृदयविकार?
कुणाला नाही.
वडील कशानं गेले?
ऊन लागलं.
थोरला भाऊ?
ऊनच. मे महिना होता.
सासरे?
ते गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्याच्या रांगेत.
म्हणजे जानेवारीत?
तेव्हाही दुपारी कडक असतं की, बाई.

मी लिहिते : नाही. नाही. नाही.
पेन थांबतं ते माझ्याच घरापाशी.
नान्ना अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
मागाला पाठ टेकून बसले ते बसलेच.
आईनं कांदा फोडला, हुंगवला,
तळपायांना चोळला.
गल्ली म्हणाली, ऊन.
बाईंनी विचारलं तेव्हा शाळेत मीही म्हणाले, ऊन.
रात्रपाळी सुटायची होती अजून,
सकाळचे सहाच वाजले होते,
हे मला फार वर्षांनी आठवलं.
तोवर या कामाला लागले होते.

किती नावं चढवली आपण
या गावच्या उन्हावर.
बिचारं काही बोललं नाही,
तापत राहिलं.

पाच वाजता चादर सोडून घडी घातली.
वाट्या धुतल्या. मशीन पेटीत.
पायरीवर नरसम्मा, दुमडलेला कागद पिशवीत,
हजारातल्या चारशे विड्या अजून वळायच्या राहिलेल्या.
सोमवारी सिव्हिलला या, नक्की या, मी म्हणाले.
येते. पण घरी काय सांगू? गॅस?
नाही.
मग काय म्हणू?
गुंडे म्हणा, नरसम्मा.
तुमचा शब्द बरोबर होता.